वनपाल काकांना विचारा: खाडीकाठची 'झुडपं'

प्रश्न : काका, आमची मानवतजवळ कोरडवाहू जमीन आहे. भाचा मालाडला नोकरीला असतो. मुंबईतच मनोरी गावात खाडीकाठी जुन्या घरासकट साडेतीन गुंठे जागा मिळतेय, पर्यटकांसाठी खोल्या काढू, असं त्याचं म्हणणं. मागच्या चिखलात भराव टाकला की दहा गाड्यांचं पार्किंग होतं. माझ्याकडं सहा लाख मागतोय, इसार शुक्रवारपर्यंत द्यायचाय. तिथं नुसती झुडपं आहेत, हरकत नसावी ना? फोटो पाठवलाय.
— एक शेतकरी वाचक, मानवत

उत्तर : ताई, आधी फोटोबद्दल बोलतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. झुडपांच्या बुडाशी चिखलातून बोटभर उंचीचे काटक्यांसारखे कोंब वर आलेत, दिसले का? तूर कापल्यावर रानात धसकटं उभी राहतात, अगदी तसे. ती धसकटं नाहीत, मुळं आहेत. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराचं झाड श्वासासाठी मुळं वर काढतं. पान उलटं करून जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. सेलूहून बदलीवर बोरिवलीला गेलो तेव्हा मीही त्याला झुडूपच म्हणालो होतो. आमचा एक कोळी वाटाड्या पोट धरून हसला होता.

तर हे कांदळवन आहे, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं तिवरासारख्या झाडांचं जंगल. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवनात तोड, भराव आणि बांधकाम थांबवलं, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातलंही. २०१८ च्या निकालात तेच आणखी पक्कं केलं. जमीन खाजगी असली म्हणून सुटका नाही. राज्याच्या वनखात्यानं २०१२ पासून यासाठी वेगळा कांदळवन कक्षच काढलाय. म्हणजे ज्या पार्किंगच्या भरवशावर भाच्यानं हिशेब मांडलाय, ते होणारच नाही.

'झाडं तोडणारच नाही, कडेनं मुरूम टाकतो' असंही तो म्हणेल. नोकरीत असताना एका खाडीत मी हे बघितलंय. कुणीतरी रस्त्यापुरता बांध घातला, खालून नळी ठेवली नाही. कुऱ्हाड कुणीच लावली नाही. पण भरतीचं पाणी आत यायचं थांबलं आणि दीड वर्षात आतली तिवरं उभ्या उभ्या वाळली. पाटाचं पाणी तोडल्यावर उसाचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू?

आता घराचं. किनाऱ्याच्या नियमांत ग्रामीण पट्ट्यात स्थानिक लोकांना असलेल्या घरात पाहुणे ठेवायला वाव आहे, पण जोतं आणि घराचा दर्शनी भाग न बदलता. यातला 'स्थानिक' हा शब्द भाच्यापुढं ठेवा. घर मनोरीच्या कोळ्याचं किंवा ईस्ट इंडियन (म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबाचं असेल आणि त्यांनीच चालवायचं असेल, तर गोष्ट निराळी. मालाडच्या माणसानं विकत घेऊन वर मजला चढवायचा, तर ते हॉटेल झालं. सातबारा किंवा मिळकत पत्रिका हातात घेऊन किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर जागा कुठल्या श्रेणीत पडते ते तपासून घ्या. वकिलाची फी इसारापेक्षा स्वस्त पडेल.

मनोरीला माणूस कशासाठी जातो, हेही भाच्याला विचारा. मालाडच्या बाजूच्या मार्व्याहून लाँचनं खाडी ओलांडायची, पाच-सात मिनिटांत शहर मागं राहतं, पुढं नारळ, वाळत घातलेले बोंबील आणि चिखलात पळणाऱ्या कुर्ल्या. दहा गाड्या आणि सिमेंटचा पत्रा बघायला बोरिवलीचा माणूस तिकडं कशाला जाईल? तेवढं तर बोरिवलीत त्याच्या दारातच आहे. आपल्याकडं अजिंठ्याला बघा. गाडी फर्दापूरला ठेवावी लागते आणि पुढं बसनं जावं लागतं. सुरुवातीला लोक कुरकुरले, आता कुणी विचारतही नाही. मनोरीलाही गाड्या मार्व्याच्या बाजूलाच राहू द्या.

सांडपाण्याचं तर त्यानं बोलणंच टाळलंय. खाडीकाठी पाणी वरच असतं, शोषखड्डा भरतीला तुंबतो. आठ-दहा पाहुण्यांचं मैलापाणी कुठं जाणार, ते लेखी मागा. कोळणी ज्या काठावर मासळी वाळवतात, तिथंच ते येणार असेल तर पहिलं भांडण शेजाऱ्यांशीच होईल.

पैसे घालायचेच असतील तर तीन खोल्यांचं डागडुजीचं घर, मालकीणबाईंच्या हातचं बाटली मसाल्यातलं कालवण आणि ओहोटीला खाडीकाठची फेरी, एवढ्याला सहा लाख लागत नाहीत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर कमावतात. भाच्याला तिकडं एकदा पाठवा.

शुक्रवारचा इसार मात्र देऊ नका. स्वतः जाऊन या. मालाड स्टेशनवरून मार्व्याची बस, तिथून लाँच. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि पायात जुनी चप्पल घाला, त्या चिखलात नवी रुतली की परत मिळत नाही.