रात्रभर ढोल आणि सोबतीला सिकलसेल

प्रश्न : धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, वजन ४५ किलो. सिकलसेल ‘एसएस’ (आई-वडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार). वर्षभरापासून हायड्रॉक्सीयुरिया (कळांचे झटके कमी करणारं औषध) चालू आहे. तेव्हापासून एकदाच भरती करावं लागलं. यंदा मित्रांबरोबर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला जायचं म्हणतो. दोन रात्री उघड्यावर मुक्काम, वर बुध्या (होळीत सजून नाचणारा) होऊन नाचायचा हट्ट. घरचे नको म्हणतात. काय करावं? (एक वाचक, तळोदा)

उत्तर : त्याच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर जाऊ द्या, पण बुध्या होऊन नको. कमरेला वाळके दुधी, पायात घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि पहाटे होळी पेटेपर्यंत नाच. यात धडधाकट माणूसही घामाघूम होतो. साध्या कपड्यांत दहा-पंधरा मिनिटं फेरात, मग तेवढाच वेळ बाहेर बसून पाणी, असं जमत असेल तर नाचू द्या. दम लागला की बाहेर, मग ढोल कितीही रंगात असो.

अंगातलं पाणी घटलं की लाल पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. थंडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तिथे या पेशी अडकतात आणि हाडांत कळा सुरू होतात. काठीला ही दोन्ही कारणं एकाच वेळी गाठतात, ती पहाटे. फेर थांबलेला, शर्ट घामाने ओला आणि सातपुड्याचा गारवा. म्हणून पिशवीत दोन जादा बनियन, स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच. फेरातून बाहेर आल्यावर आधी ओला कपडा बदलायचा, मग गप्पा. आगीजवळ उभं राहिलं की भागलं असं मुलांना वाटतं. छाती भाजते, पाठ ओलीच राहते. झोपताना अंगावर जेवढी पांघरुणं, तेवढंच जाड काहीतरी खाली हवं. थंडी जमिनीतून चढते.

पाण्याच्या बाबतीत एक हमखास चूक होते. ‘लघवी पिवळी झाली की पाणी प्या’ हा नियम सिकलसेलच्या रुग्णाला लागू नाही. त्याच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे अंग सुकत असतानाही ती पांढरीच दिसते. तेव्हा घड्याळ लावून प्यायचं : जागरणात दर तासाला एक ग्लास, दिवसभरात मिळून तीन लिटर. पाणी घरून उकळून न्या. गर्दीच्या ठिकाणी जुलाब लागले तर कळा फार लांब नसतात. जुलाब झालेच तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही. मोहाची दारू मुळीच नको. ती लघवी वाढवते आणि थंडी कळू देत नाही.

हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड दोन दिवसांऐवजी चार दिवसांचं न्या, खिशात ठेवा, बॅगेत नको. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. निघण्याआधी रक्ततपासणी करून पांढऱ्या पेशी किती आहेत ते डॉक्टरांना दाखवा. हे औषध त्या कमी करतं, आणि कमी असताना ताप आला तर ते अंगावर काढणं धोक्याचं.

कळ सुरू झालीच तर क्रम असा : आधी थर्मामीटर, मगच पॅरासिटामॉल. गोळीने ताप उतरतो आणि ताप होता हेच कळत नाही. ४५ किलोला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. दुखऱ्या जागेवर गरम कपडा. बर्फ किंवा थंड पाणी कधीच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मित्राच्या खिशातून घेऊ नये, सुकलेल्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. दोन तासांत कळ उतरली नाही तर दवाखाना.

यासाठी मात्र दोन तासही थांबू नये : १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पोट डावीकडे फुगून चेहरा पांढरा पडणं. लिंग ताठर होऊन उतरत नसेल तर तेही. मुलं हे लाजेने सांगत नाहीत. दोन तासांपुढे ते आणीबाणीचं ठरतं. हे त्याला आधीच समजावून ठेवा.

मोलगी की अक्कलकुवा, कुठे न्यायचं आणि रात्री तिथे डॉक्टर व ऑक्सिजन असतो का, हे दिवसा विचारून घ्या. मोटारसायकल गर्दीच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावा. सोबतचा एक मित्र न पिणारा हवा आणि सिकलसेलचं कार्ड त्यालाही दाखवलेलं हवं.

प्रश्न : सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत चार दिवस तंबूत राहणार. आईला दोन वेळा मिक्स इन्सुलिन आहे. बर्फाचा डबा न्यावा का? (एक वाचक, दोंडाईचा)

उत्तर : मार्गशीर्षात नको. चालू असलेली बाटली ३० अंशांखाली साधारण महिनाभर टिकते. बर्फाला चिकटून गोठली तर ती वाया जाते, वितळल्यावरही वापरू नये. सुती कपड्यात गुंडाळून तंबूच्या सावलीत ठेवा. उन्हातल्या बंद गाडीत नको. चैत्रातल्या ४२ अंशांत मात्र ओल्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून ठेवावी.

खरी गडबड सुईची होते. आपल्याकडच्या बाटलीत दर मिलिलिटरला बहुधा ४० युनिट आणि पेनच्या काडतुसात १०० युनिट असतात. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं औषध लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजने काढलं, तर अडीचपट डोस जातो. जोडीला नवीन पेन किंवा बाटली आणि तिचीच सिरिंज न्या. इंजेक्शन घेऊन जेवणाची वाट पाहत बसू नये. ह्युमन मिक्स इन्सुलिन असेल तर भाकरी तव्यावर पडल्यावर, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या; ॲनालॉग मिक्स असेल तर जेवायला बसताना. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. जिलबी उपयोगाची नाही, तुपा-तेलामुळे तिची साखर उशिरा चढते. आणि त्याच जिलबीच्या बोटांनी तपासलं तर आकडा खोटाच वर दिसतो, म्हणून आधी हात धुवा.

शेकोटीला पाय लावून झोपू देऊ नका. बधिर तळव्याला भाजलेलं सकाळी कळतं.