जुन्या बाजारातलं लंडनचं क्लॅरोनेट घ्यावं का?

प्रश्न: नमस्कार सर. मी कराडला असतो, मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो. आमचे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, त्यांचं वाद्य काकांनी कधीच विकून टाकलं पण हौस डोक्यात राहिली ती राहिलीच. मागच्या रविवारी पुण्याला मुलीकडे गेलो होतो तेव्हा जुन्या बाजारात एक काळं क्लॅरोनेट दिसलं. केसमधलं मखमल उंदरांनी खाल्लेलं, चाव्या काळ्या पडलेल्या, पण अंगावर ‘हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन’ असा ठसा आहे. विकणारा ६ हजार म्हणतो, अस्सल शिसवी आहे म्हणतो. एका बँड रिपेरवाल्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला ११ हजारात नव्यासारखं करून देतो. मला भजनी मंडळात पेटीबरोबर वाजवायचंय आणि घरी जुनी सिनेगीतं. १७ हजार घालावेत का?

उत्तर: आधी एक सांगतो, फोटो बघून ११ हजार सांगणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. कारण फोटोत जे दिसतं ना, काळ्या चाव्या, चाव्यांखालच्या फाटक्या गाद्या म्हणजे पॅड, सांध्यावरचं कुजलेलं बूच, गंजलेल्या स्प्रिंगा, ते सगळं बदलता येतं. जे बदलता येत नाही ते फोटोत दिसतच नाही.

तुमच्या बाबतीत माझी पहिली शंका सुराची आहे. हॉक्स अँड सन ही कंपनी १९३० साली बूझीबरोबर एकत्र झाली आणि ‘बूझी अँड हॉक्स’ झाली, म्हणजे नुसता ‘हॉक्स अँड सन’ ठसा असेल तर वाद्य साधारण १९३० च्या आधीचं. आणि त्या काळात ब्रिटिश लष्करी बँडचा सूर आजच्यापेक्षा चढा असायचा, आज पेटीची पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ धरतात तर त्यांची ४५२ च्या आसपास. इंग्रज पलटणींबरोबर अशी वाद्यं इकडे आली आणि मग बँडवाल्यांच्या हातात फिरत राहिली. त्या चढ्या सुराला हाय पिच म्हणतात. फरक किती, तर जवळजवळ अर्ध्या स्वराचा अर्धा. कानाला नुसतं ऐकून कळत नाही, पेटी शेजारी आली की कळतं.

हे मी पैसे घालवून शिकलोय. खूप वर्षांपूर्वी असंच एक लंडन ठशाचं घेतलं, दोन महिने बसून चाव्या घासल्या, पॅड बसवून घेतले, आरशासारखं चकाचक केलं आणि मोठ्या तोऱ्यात तालमीला घेऊन गेलो. सगळी भोकं मोकळी ठेवून फुंकलं की बी फ्लॅट, म्हणजे नेहमीच्या, क्लॅरोनेटमधून पांढरी चार यायला पाहिजे. पेटीवाल्या काकांनी पांढरी चार दाबली, मान हलवली, काळी तीन दाबली, परत मान हलवली, आणि म्हणाले, अहो हे दोघींच्या मधे कुठंतरी राहतंय. सगळी तालीम हसली. वाद्य अजून कपाटावर आहे.

त्यामुळे बाजारात परत जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. ठशाखाली एच.पी. किंवा एल.पी. अशी अक्षरं कोरलेली आहेत का बघा, एल.पी. म्हणजे लो पिच, आजचा सूर, तो आपल्या कामाचा. अक्षरं नसतील तर माउथपीस काढून बाकी सगळे भाग घट्ट जोडून मापा: आजच्या सुराचं बी फ्लॅट साधारण ५९ ते ६० सेंमी भरतं, हाय पिचचं दीड-दोन सेंमी आखूड. त्याहून बरंच आखूड भरलं तर ते बी फ्लॅट नसून सी किंवा ई फ्लॅट असणार, तो विषयच वेगळा. मोबाईलवरच्या ट्यूनरने पण बघता येतं पण वरचे पॅड गळत असतील तर सूर फसवतो, म्हणून टेपवर जास्त भरवसा. आणि कोणी म्हणालं की बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, जरा बाहेर ओढलं की उतरतो सूर, तर हसून सोडून द्या. उतरतो, पण सगळे स्वर सारखे उतरत नाहीत, वरच्या भोकांतले जास्त आणि खालचे कमी, म्हणजे एका बेसूर वाद्याचे बारा बेसूर स्वर होतात.

गंमत अशी की घरी एकट्याने वाजवणाऱ्याला हाय पिच अडत नाही. तानपुऱ्याचं अ‍ॅप पाहिजे तेवढं चढवता येतं, तबला पण चढवून लावता येतो. पेटी मात्र चढत नाही, रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवायचं तर तेच. तुमचं पहिलं काम भजनी मंडळ आहे, म्हणून हाय पिच निघालं तर माझं उत्तर सरळ नाही. ६ हजारात पण नाही आणि ३ हजारात पण नाही.

लो पिच निघालं तर पुढे बघू. शिसवी वगैरे विकणाऱ्याने सांगितलंय ते सोडा, जुनी चांगली क्लॅरोनेटं बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुड लाकडाची किंवा एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, आणि गरम देशांसाठी एबोनाइट बरंच चालायचं. ओल्या फडक्याने जोरात चोळा आणि वास घ्या, गंधकाचा वास आला किंवा काळ्यावर हिरवट-तपकिरी झाक असली तर एबोनाइट. ते वाईट नाही हं, आपल्या उन्हाळ्यात तडकत नाही, फक्त पडलं तर काचेसारखं तुटतं. लाकूड असेल तर वरच्या नळीत टॉर्च घालून अंधारात फिरवा, वरच्या टोकाकडच्या छोट्या चाव्यांच्या आसपास आधी चीर जाते. वरवरची बारीक चीर चिकटवता येते, पण भोकातून आरपार गेलेली किंवा सांध्यापर्यंत पोचलेली असेल तर नको. चाव्या बोटाने आडव्या हलवून बघा, थोडी खुळखुळ चालते, पण एखादी आधीच कथलाने जोडलेली दिसली तर बाकीच्यांचा पण नंबर लागणार आहे.

अजून एक. त्या काळचं आहे म्हणजे बहुतेक १३-१४ चाव्यांचं जुन्या अल्बर्ट पद्धतीचं असणार, आजकालची पुस्तकं आणि यूट्यूबवरचे मास्तर शिकवतात ते १७ चाव्यांचं बोएम. बोटं वेगळी पडतात. म्हणून घ्यायच्या आधी तुमच्याकडचा एखादा म्हातारा बँडवाला शोधा, तो शिकवायला तयार असेल तर अल्बर्टचं घाबरू नका, उलट भोकावरनं बोट सरकवून मींड काढायला ते मला जास्त गोड वाटतं. मास्टर इब्राहिमच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी ऐकल्या असतील तुम्ही, क्लॅरोनेट गळ्यासारखं वळतं म्हणजे काय ते तिथे कळतं. एक अडचण आधीच सांगतो, भजन काळी एकला असेल तर बी फ्लॅटवर बोटांची कसरत होते, पेटीवाल्याशी आधी बोलून ठेवा.

आता पैसे. सूर बरोबर, अंग धड, चाव्या घट्ट असं निघालं तर ६ चे ४ करा आणि रिपेरवाल्याला वाद्य हातात देऊन मग आकडा विचारा, नव्यासारखं नको, पॅड, बूच, स्प्रिंगा एवढंच करा म्हणावं, पॉलिशचे पैसे वाचवा. जुना माउथपीस टोकाला चिरलेला असतो बऱ्याचदा, नवा घ्यावा लागेल तो धरून चाला. सगळं मिळून १७ च्या वर जात असेल तर तेवढ्यात चायनीज प्लॅस्टिकचं नवं बोएम केससकट येतं, दिसायला भिकार पण पेटीशी जुळतं. आणि मिरजेला नेऊ का असं बरेच जण विचारतात, तर मिरजेची मंडळी सतार-तानपुऱ्यातली, फुंकायच्या वाद्याला बँडवाल्यांचाच कारागीर पाहिजे.

प्रश्न: वडिलांचं लाकडी क्लॅरोनेट घरात आहे. दर दिवाळीला खोबरेल लावून ठेवतो, आणि माउथपीस गरम पाण्यात धुतो. बरोबर ना?

उत्तर: दोन्ही बंद करा. खोबरेल थंडीत गोठतं, नंतर खवट होतं आणि पॅडला लागलं की पॅड चिकटतात. लावायचंच तर गोडं बदामाचं तेल, तेही आतून, कापडाला दोन थेंब घेऊन, आणि पॅडखाली कागदाचे तुकडे सरकवून. माउथपीस एबोनाइटचा असतो, गरम पाण्यात हिरवट पडतो आणि वाकतो पण, मग पत्ती (रीड) नीट बसत नाही आणि वाजवणारा पत्तीलाच शिव्या घालत बसतो. गार पाणी आणि मऊ ब्रश, बास.