गच्चीवरच्या सळया बघून मजला चढवू नका

दिवाळी सरली की जुने बंगले आणि रो-हाउसवाल्यांचे प्रश्न सुरू होतात. मुलाचं लग्न ठरलंय, वर मजला चढवायचाय. बाजूला मोकळी जागा आहे, दोन खोल्या काढायच्यात. गावातल्या गावात घर वाढवणं मला पटतं. पण गैरसमज दरवर्षी तेच, म्हणून उत्तरंही पुन्हा देतो.

प्रश्न : आमचा प्लॉट 1500 चौरस फुटांच्या आत आहे. एवढ्या प्लॉटला आता परवानगी लागत नाही, असा मेसेज आला. खरं का?

अर्धवट. 2020च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटची प्रक्रिया सोपी केली. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे द्यायचे, शुल्क भरायचं, ती पावती परवानगीच्या जागी धरतात. साइड मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), उंची यांतून सुटका नाही. मुंबईची नियमावली तर वेगळीच. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम 53ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस तुमच्या नावाने येते, मेसेज पाठवणाऱ्याच्या नव्हे. आधी आर्किटेक्टला भेटा.

प्रश्न : हॉल मोठा करायला मधली नऊ इंची भिंत काढली तर चालेल का?

इंजिनिअरने बघेपर्यंत हातोडा लावू नका.

प्रश्न : 1992 साली घर बांधताना मिस्त्रींनी कॉलमच्या सळया गच्चीवर सोडल्यात. म्हणजे वरच्या मजल्याची सोय आहेच ना? ठेकेदार म्हणतो, वेल्डिंग करून वाढवू.

सळया वर दिसतात, पाया दिसत नाही. तो किती मजल्यांच्या हिशेबाने घातलाय, हे त्या सळयांवरून कळत नाही. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून सळया सोडायचा रिवाजच आहे. त्यामागे डिझाइन असेलच असं नाही.

जरा हिशेब करू. 500 चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबचंच वजन साडेचौदा टन. त्यात नऊ इंची भिंती, बीम, फरशी, प्लास्टर, माणसं आणि सामान मिळवा, आकडा साठ टनांच्या आसपास जातो. एवढा बोजा तुमच्या फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर, वाढणार. खाली मुरूम असेल तर एक गोष्ट, काळी माती असेल तर दुसरीच.

आता त्या सळया. तीस पावसाळे खाल्लेली सळई तारेच्या ब्रशने घासून बघा, पापुद्रे निघतील. 12 मिलिमीटरची सळई झिजून 10ची झाली, तर छेदाचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी गेलं. शिवाय गंज गच्चीच्या फरशीशी थांबत नाही, कॉलमच्या डोक्यात उतरतो, फुगतो आणि काँक्रीट फोडतो. कॉलमच्या माथ्याला उभी चीर दिसतेय का, बघा. वेल्डिंगचं म्हणाल, तर त्या काळात टॉर सळई सर्रास वापरत. ती थंड असताना पिळून तिची ताकद वाढवलेली असते. आच लागली की नेमकी तीच उतरू शकते. साइटवर कुणीतरी टाके मारले, एवढ्यावर मी सही करणार नाही.

काँक्रीटचाही भरवसा धरू नका. 1978च्या आयएस 456मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, एम-15 चालत होतं (एम-पुढचा आकडा ताकदीचा, जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). 2000च्या आवृत्तीत आरसीसीसाठी किमान एम-20 झालं. प्रत्यक्षात त्या वेळी पाट्यांच्या मापाने काय कालवलं गेलं, ते कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा नमुना, काढल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. भूकंपाचा कोडही किल्लारीनंतर, 2002 साली बदलला. त्यात पुणं झोन 3मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, होतं.

तेव्हा कोपऱ्यातल्या एका आणि मधल्या एका कॉलमशेजारी फुटिंगपर्यंत खड्डा घ्या. पण इंजिनिअर हजर असताना, आणि एका वेळी एकच. फुटिंगचं माप, खालची माती, हॅमर टेस्ट (काँक्रीटवर ठोका देऊन ताकदीचा अंदाज), दोन-तीन कोअर, आणि मग आकडेमोड. पायापासून जॅकेटिंग करून, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया-काँक्रीटचं कवच चढवून, मजला निघेलही किंवा निघणारही नाही. तपासणीचा खर्च जड वाटतो म्हणणारी मंडळी वरच्या बाथरूमच्या टाइल्स निवडायला तीन दुकानं फिरतात!

प्रश्न : स्टीलच्या सांगाड्याची तयार खोली पंधरा दिवसांत गच्चीवर बसवून मिळते. हलकी असल्याने इंजिनिअर लागत नाही आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मोफत, असं विक्रेता सांगतो.

हलकी असते, हे खरं. म्हणून तर वारा तिला उचलू बघतो आणि खोली गच्चीला जखडणारे नांगर बोल्ट कुठे धरलेत हे महत्त्वाचं ठरतं. गच्चीच्या कठड्यात ठोकलेले बोल्ट मी पाहिले आहेत. आणि सर्टिफिकेटवर सही करणारा तुमच्या जिन्याची पायरी तरी चढलाय का? ते बांधकामच आहे, परवानगी लागते. सही करणारा जागेवर आल्याशिवाय टोकन देऊ नका.

प्रश्न : बंगला पाडून खाली पार्किंग, वर चार फ्लॅट, असा प्रस्ताव आहे. बिल्डर म्हणतो, ‘रेराची कटकट नाही.’

प्लॉट 500 चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले, तर रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याखाली, प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. कटकट बिल्डरची वाचते, तुमची नव्हे. करारनामा स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या मजल्याचं डिझाइनही स्वतंत्रपणे तपासून घ्या. 2001च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादला असे खालून पोकळ मजले बसले होते.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटवर पायाची खोदाई झाल्यापासून आमच्या भिंतीला तडा गेलाय. दोन महिने वाट बघतोय.

कशाची? महापालिकेला आणि शेजारच्या बांधकामाच्या इंजिनिअरला आजच लेखी कळवा, फोटो जोडा, स्वतःचा इंजिनिअर बोलवा. तो येईपर्यंत तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर तडा वाढतोय. मग त्या खोलीत झोपू नका, आणि इंजिनिअरला त्याच दिवशी पुन्हा फोन करा.