पहिली रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची सायकल, घेतेस? आधी माप बघ

अगं, तुझी उंची पाच फूट, म्हणजे साधारण 152 सेंटीमीटर. दुकानदार ‘सीट खाली करून देतो, ताई’ म्हणाला, तर ऐकू नकोस. सीट खालीवर होते, पण हँडल किती लांब पडणार हे मुख्यतः फ्रेम ठरवते. ते अंतर जास्त असलं की मान नि खांदे भरून येतात. नाशकात कॉलेज रोडवर जाणवणार नाही. त्र्यंबकच्या रस्त्याला लागलीस की कळेल.

44 ते 48 सेंटीमीटरच्या आसपासची फ्रेम शोध. पण एकाच आकड्याच्या फ्रेम प्रत्येक कंपनीत वेगळ्या असतात, म्हणून ‘रीच’ (फ्रेम पुढे किती लांब जाते) आणि ‘स्टॅक’ (तिचा पुढचा भाग किती उंच आहे) यांची तुलना कर.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ब्रेक. हँडलच्या खालच्या वाकावर हात ठेवून लिव्हर सहज ओढता आला पाहिजे. हात लहान असेल तर बऱ्याच लिव्हरना तो जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. दुकानातच फिरवून घे. कसारा घाट उतरताना बोटं पोचली नाहीत तर बाकी सगळं फुकट आहे.

हँडल खांद्याइतकंच रुंद, 36 किंवा 38 सेंटीमीटर. क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, 165 मिलिमीटर किंवा त्याहून आखूड. लहान फ्रेमवर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं, तेही तपास.

‘लेडीज’ नावाला भुलू नकोस. कार्बनची फ्रेमही आत्ता नको, अ‍ॅल्युमिनियम पुरे. नाशकात माप मिळालं नाही तर मागवायला सांग, थांब. पण मोठी फ्रेम उचलू नकोस.