हार्ड डिस्क टकटक करतेय, वॉरंटीत देऊ का?

प्रश्न : माझी १ टीबीची हार्ड डिस्क टकटक वाजतेय, मधेच दिसते मधेच गायब. वॉरंटी आहे, कंपनीत दिली तर लेकीच्या बारशाचे फोटो मिळतील ना? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही हो, वॉरंटी डिस्कची असते, फोटोंची नाही. कंपनी बहुतेकदा दुसरीच डिस्क देते, तीही कधी कधी रिफर्बिश्ड (म्हणजे दुरुस्त केलेली जुनी), आणि जुनी परत येत नाही. टकटक म्हणजे बहुधा आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) गेलंय, तेव्हा सारखी चालू-बंद करून बघू नका, हेड प्लॅटरवर, म्हणजे डेटा असलेल्या चकतीवर, घासलं की संपलंच. (कुणी उपाय म्हणून सांगितलं तरी फ्रीजरमधे तर अजिबात ठेवू नका, आत पाणी धरतं!) आधी डेटा रिकव्हरीवाला गाठा, तापकीर गल्लीतला असो की कुठलाही, पण क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळ नसलेली खोली) आहे का ते विचारा, उघड्या टेबलावर झाकण काढणारा नको. सील तुटलं की वॉरंटी जाऊ शकते, म्हणून कंपनीला आधीच मेल टाकून ठेवा, डेटासाठी सील उघडलं असं रिकव्हरीवाल्याचं पत्र काही कंपन्या चालवून घेतात.