पाचोळ्यातील स्प्रिंगटेलची मोजदाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. अंजनेरीच्या पायथ्याची झाडी, त्र्यंबकेश्वरच्या बाजूची साग-ऐनाची वने आणि शहरालगतची गिरिपुष्पाची लागवड अशा तीन ठिकाणी येत्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांकडून स्प्रिंगटेलच्या (माती व पाचोळ्यात राहणाऱ्या सहा पायांच्या बारीक जीवांच्या) विविधतेचे सर्वेक्षण करून घेण्याचा विचार आहे. जमिनीत पेले पुरून सापळे लावावेत की माती व पाचोळा आणून दिव्याखाली ठेवावा? आणि किती नमुने पुरेसे होतील?

उत्तर : दोन्ही पद्धती योग्य आहेत. मात्र त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळले तर दोन्ही वाया जातात. जमिनीच्या पातळीला कड लावून पुरलेल्या पेल्यात पडतात ते बहुधा पाचोळ्यावर हिंडणारे स्प्रिंगटेल : रंगीत, लांब शृंगिकांचे (डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांचे) आणि पोटाखालच्या दुभंगलेल्या अवयवाच्या झटक्याने दूर उडी घेणारे. मातीच्या बारीक पोकळ्यांत आयुष्य काढणारे पांढुरके, बिनडोळ्यांचे, आखूड शृंगिकांचे स्प्रिंगटेल त्या पेल्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. शिवाय पेल्यात किती सापडले यावरून त्या जागी ते किती आहेत हे ठरत नाही. ते किती हिंडले एवढेच कळते. उघड्या, मोकळ्या जमिनीवर प्राणी सहज धावतो आणि दाट पाचोळ्यात अडखळतो, म्हणून लागवडीतला पेला वनातल्या पेल्यापेक्षा भरलेला दिसू शकतो. त्यावरून लागवडीत स्प्रिंगटेल अधिक आहेत असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल.

तुमचा मुख्य प्रश्न विविधतेचा असल्याने ठरावीक क्षेत्रफळाचा पाचोळा आणि त्याखालची माती हाच सर्वेक्षणाचा कणा असावा, असे माझे मत आहे. 25 सेंटिमीटर बाजूची चौकट जमिनीवर ठेवून तिच्या आतला सगळा पाचोळा, खालच्या अर्धवट कुजलेल्या थरासह, कापडी पिशवीत घ्यावा. त्याच जागी 5 सेंटिमीटर व्यासाची धातूची नळी ठोकून मातीचा गाभा काढावा आणि वरचे 5 व खालचे 5 सेंटिमीटर वेगळे ठेवावेत. सह्याद्रीच्या उतारावर मुरूम आणि दगड इतके असतात की अनेक ठिकाणी नळी आत जाणारच नाही. तिथे जबरदस्ती न करता मोजमापाची लहान चौकट ठेवून ठरावीक खोलीपर्यंत माती खुरप्याने काढावी आणि तशी नोंद करावी. काळ्या चिकण मातीत उलट अडचण येते : नळीच्या दाबाने गाभा आवळला जातो, पोकळ्या मिटतात आणि आतले प्राणी बाहेर येऊ शकत नाहीत.

माती व पाचोळ्यातून प्राणी बाहेर काढण्याची नरसाळ्याची रीत इटलीच्या अँतोनियो बेर्लेसे यांनी 1905 मध्ये गरम पाण्याच्या आवरणाने सुरू केली. स्वीडनचे अल्बर्ट टुलग्रेन यांनी 1918 मध्ये पाण्याऐवजी विजेचा दिवा वापरला. तत्त्व सोपे आहे. वरून उष्णता आणि कोरडेपणा उतरत येतो, प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात, जाळीतून नरसाळ्यात आणि तिथून 70 ते 80 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. प्रत्यक्षात यश तपशिलांवर अवलंबून असते. हल्लीचे एलईडी दिवे पुरेशी उष्णता देत नाहीत, त्यामुळे 25 किंवा 40 वॅटचा तारेचा जुना दिवा मिळवावा लागेल. तो पहिल्या दिवशी उंच ठेवून रोज थोडा खाली आणावा, कारण नमुना एकदम तापला तर नाजूक प्राणी निसटण्याआधीच वाळून मरतात. मातीचा गाभा जाळीवर उलटा ठेवावा, म्हणजे प्राण्यांना त्यांच्या सवयीच्या वरच्या मोठ्या पोकळ्यांतून खाली उतरता येते. जाळीची छिद्रे 2 मिलिमीटरच्या आसपास असावीत आणि नमुना पूर्ण वाळेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस, हलवू नये. स्प्रिंगटेलच्या अंगाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे पुष्कळसे प्राणी बाटलीत वर तरंगत राहतात. तळाचा गाळ तेवढा तपासून बाटली रिकामी करणाऱ्याच्या हातून नेमके तेच निसटतात.

नमुन्यांच्या संख्येबाबत एक हिशेब विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर मांडावा. 5 सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे एका गाभ्यात सापडलेला प्रत्येक प्राणी चौरस मीटरच्या हिशेबात सुमारे 509 प्राण्यांएवढा होतो. स्प्रिंगटेल एकमेकांच्या गंधाने एकत्र जमतात, त्यामुळे एका गाभ्यात चाळीस आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्यात दोनच सापडणे अगदी स्वाभाविक आहे. एका गाभ्यावरून काढलेली घनता म्हणूनच विश्वासार्ह नसते. त्याहूनही महत्त्वाचे असे की, एकाच सागवनातून दहा गाभे काढले तरी त्यातून एका सागवनाची माहिती मिळते, सागवनांची नव्हे. प्रत्येक प्रकारच्या झाडीचे निदान तीन-चार परस्परांपासून दूर असलेले तुकडे निवडावेत आणि प्रत्येकात पाच-सहा नमुने घ्यावेत. नरसाळी कमी असतील तर एका तुकड्यातले नमुने कमी करावेत, तुकडे कमी करू नयेत.

संख्या आणि विविधता या दोन गोष्टी अहवालात वेगळ्या ठेवाव्यात. 2023 मध्ये जगभरातील 2,470 ठिकाणांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टुंड्रामध्ये चौरस मीटरला 20 लाखांपर्यंत स्प्रिंगटेल आढळल्याची नोंद आहे. उष्ण कटिबंधात जातींची विविधता मोठी आहे, पण एकूण जैवभार, म्हणजे सगळ्या स्प्रिंगटेलचे मिळून वजन, टुंड्राच्या मानाने सुमारे विसावा भाग आहे. एखाद्या जागी जाती किती आहेत यावरून तिथली घनता सांगता येत नाही, असेही त्यात दिसून आले. तेव्हा अंजनेरीच्या झाडीत प्राणी कमी निघाले म्हणून विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये. त्या थोड्यांत किती वेगवेगळी रूपे आहेत हे पाहावे. नमुने वाढवत गेल्यावर नव्या रूपांची भर कशी मंदावते याचा आलेख काढला, की सर्वेक्षण पुरेसे झाले की नाही हे तो आलेखच सांगेल.

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथील मूठभर पाचोळाही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नये, आणि परवानगीस वेळ लागतो हे धरून अर्ज उन्हाळ्यातच करावा.

प्रश्न : मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. पाचोळ्यातून निघालेले बारीक जीव स्प्रिंगटेलच आहेत हे कसे ओळखावे, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जातीपर्यंत जाता येईल का?

उत्तर : प्रथम पाय मोजावेत. आठ पाय असतील तर तो बहुधा माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातला बारीक जीव, असतो, आणि पाचोळ्यात माइट भरपूर निघतात. सहा पाय, सहा खंडांचे उदर आणि उदराच्या पहिल्या खंडाखाली एक आखूड, जाड नळी दिसली तर तो स्प्रिंगटेल होय. ही नळी सर्व स्प्रिंगटेलमध्ये असते आणि तिच्याद्वारे ते पाणी शोषून घेतात. उडीचा अवयव मात्र खात्रीची खूण नाही, कारण खोल मातीतल्या अनेक जातींमध्ये तो आखूड झालेला किंवा पूर्ण नाहीसा झालेला असतो. सहा पाय असूनही स्प्रिंगटेल कीटकांत गणले जात नाहीत. त्यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात. स्कॉटलंडमध्ये सापडलेला रिनिएला हा त्यांचा जीवाश्म सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

20 ते 40 पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली चार मोठे गट वेगळे करता येतात. शरीर लांबट व जाडसर, पाय आखूड आणि वक्षाचा पहिला खंड वरून स्पष्ट दिसत असेल तर तो पोड्युरोमॉर्फा. शरीर लांबट पण तो पहिला खंड झाकलेला किंवा खुजा असेल तर एंटोमोब्रायोमॉर्फा; ओल्या पाचोळ्यातले चपळ, खवलेदार प्रकार बहुतेक याच गटातले. शरीर गोलसर आणि शृंगिका लांब असतील तर सिंफिप्लिओना. गोलसर पण अतिशय लहान, बिनडोळ्यांचा आणि डोक्यापेक्षाही आखूड शृंगिकांचा असेल तर नीलिप्लिओना. हा चौथा गट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो, म्हणून बाटलीतला द्रव काळ्या पार्श्वभूमीवर पुन्हा एकदा तपासावा.

जातीपर्यंत जाण्यासाठी प्राणी लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून, काचपट्टीवर बसवून, 400 पट किंवा त्याहून अधिक मोठा करून पाहावा लागतो. अंगावरच्या केसांची मांडणी, नखांवरचे दात, डोळ्यांच्या ठिपक्यांची संख्या (एका बाजूला जास्तीत जास्त आठ) अशा गोष्टींवर जात ठरते. बाटली जोराने हलवली तर खवले गळतात आणि ओळख अवघड होते. पिल्लांची जात ओळखणे पुष्कळदा तज्ज्ञांनाही शक्य नसते. म्हणून तुम्ही जातीचे नाव लावण्याचा आग्रह धरू नये. एकसारख्या दिसणाऱ्या प्रौढांना ‘एंटोमोब्रायोमॉर्फा रूप 3’ अशी कामचलाऊ ओळख द्यावी, त्याचे चित्र काढावे आणि प्रत्येक रूपाचे काही प्राणी जपून ठेवावेत. चुकीच्या नावापेक्षा प्रामाणिक क्रमांक कितीतरी मोलाचा असतो, कारण तो पुढे दुरुस्त करता येतो. बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे : ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, झाडी, खोली, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी कधीतरी सुटते. नीट चिठ्ठी असलेले नमुने घेऊन पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे मार्गदर्शन मागता येईल.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. वनातला पाचोळा आणून बागेत पसरला तर हे उपयुक्त जीव बागेत वाढतील का?

उत्तर : कृपया तसे करू नये. वनातला पाचोळा उचलला की तिथल्या मातीचे पांघरूण आणि अन्न दोन्ही जाते, आणि सावलीत व ओलाव्यात वाढलेल्या जाती उघड्या बागेत बहुधा टिकत नाहीत. स्प्रिंगटेल मुख्यतः बुरशी आणि कुजणारा पाला खातात. तुमच्या बागेच्या बांधावरही ते आहेतच. छाटणीच्या काड्यांचा चुरा आणि गवत ओळींमध्ये आच्छादन म्हणून राहू दिले, की तिथे राहू शकणारे प्राणी आपणहून वाढतात. रसायनांचा मातीवर होणारा परिणाम तपासण्यासाठी फोल्सोमिया कँडिडा या स्प्रिंगटेलवर प्रमाणित आंतरराष्ट्रीय चाचणी केली जाते, यावरून फवारणीशी त्यांचा संबंध किती जवळचा आहे ते लक्षात येईल.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आमच्या भागातील डोंगर वणव्याने काळे पडतात. कोरड्या दिवसांत स्प्रिंगटेल कुठे जातात, आणि वणव्याचा परिणाम मोजता येईल का?

उत्तर : स्प्रिंगटेलच्या त्वचेतून पाणी फार लवकर उडून जाते, त्यामुळे आपल्याकडचा उन्हाळा हा त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत कठीण काळ. काही जाती दगडाखाली, मुळांजवळ किंवा खोल भेगांत उतरतात. काही अंड्यांच्या रूपाने तग धरतात. फोल्सोमाइड्स गणातल्या काही जाती तर शरीरातले जवळजवळ सगळे पाणी घालवून निश्चेष्ट पडून राहतात आणि ओल मिळताच पुन्हा हालचाल करू लागतात. म्हणून मे महिन्यात नरसाळ्यात काहीच निघाले नाही तर ती जागा निर्जीव आहे असे समजू नये, पण ते शून्य नोंदवावे मात्र अवश्य.

वणव्याची धग जमिनीत फार खोल पोहोचत नाही, परंतु पाचोळा जळून जातो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला जे अन्न व आसरा मिळायला हवा तोच नसतो. परिणाम मोजायचा असेल तर जळालेला एक उतार आणि न जळालेला एक उतार अशी जोडी पुरणार नाही. दोन उतारांत उंची, दिशा, माती, चराई असे कितीतरी फरक मुळातच असतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पाऊस भरपूर आणि पूर्वेकडे येवला-नांदगावकडे तो झपाट्याने घटत जातो, हेही ध्यानात ठेवावे. जळालेल्या व वाचलेल्या तुकड्यांच्या अशा तीन-चार जोड्या निवडाव्यात की प्रत्येक जोडीतले दोन तुकडे एकाच डोंगरावर, एकाच दिशेला आणि जवळपास एकाच उंचीवर असतील. पहिला नमुना मान्सूनपूर्व सरींआधी, दुसरा पाऊस स्थिरावल्यावर जुलैत आणि तिसरा पाचोळा पुन्हा साचू लागल्यावर हिवाळ्यात घ्यावा. प्रत्येक वेळी पाचोळ्याच्या थराची जाडी पट्टीने मोजून मातीतला ओलावा वजन करून काढावा. हे दोन आकडे नसतील, तर फरक आगीमुळे पडला की नुसत्या कोरडेपणामुळे, हे सांगता येणार नाही. दुसऱ्या वर्षीही त्याच तुकड्यांत परत जाता येईल अशा बेताने ठिकाणे निवडावीत, कारण पृष्ठभागावरच्या चपळ जाती शेजारच्या झाडीतून लवकर परततात आणि मातीत राहणाऱ्या, उडी मारू न शकणाऱ्या जातींना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.