रस्त्यात अनोळखी माणूस किरकोळ अडचणीत दिसला तर थांबणं आपलं कर्तव्य आहे का?

माझ्या मते हो. छोटंसं, पण कर्तव्यच.

मी नागपूरचा. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर ज्याच्या-त्याच्या तोंडाला दुपट्टा, दिसतात ते फक्त डोळे. ओळखीचं कोण, परकं कोण, कळायला मार्ग नाही. तरी कुणाच्या गाडीचं स्टँड खाली राहिलं की मागून दोघं-तिघं ओरडतातच, "ताई, स्टँड!" दुपट्ट्यातून ऐकू जात नाही. मग एखादा गाडी रेटत बाजूला येतो, बोटानं खाली दाखवतो. तिनं टाचेनं स्टँड वर मारलं की हा मागे वळतो, कारण त्याचं वळण केव्हाच मागे राहिलेलं असतं. (नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असलं तर चालूच होत नाहीत. अनोळखी माणसाशी बोलायचं तेवढं एक निमित्त गेलं.)

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं १३४-अ कलम अपघातात मदत करणाऱ्याला झंझटीपासून वाचवतं, मदतीची सक्ती करत नाही. जर्मनीत मदत न करणं गुन्हा आहे, पण तोही अपघात किंवा धोक्याच्या वेळेपुरता. पेट्रोल संपलेला माणूस कुठल्याच कलमात बसत नाही.

तसा मी एकदा अजनी चौकाच्या अलीकडे अडकलो होतो. एका पोरानं मागून पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेलं आणि मी टाकीचं झाकण उघडेस्तोवर गेलासुद्धा. आता ही उधारी फेडायची कुणाकडे? दुसऱ्या कुणा अनोळख्याकडेच.

फेडतोच असं नाही. त्याच उन्हाळ्यात लोकमत चौकात एका म्हाताऱ्या बाबांनी पत्त्याची चिठ्ठी पुढं केली. मला उशीर होत होता, सिग्नल सुटला, मी निघालो. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग छापून आला होता. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत बसवला होता. घाईत असलेल्यांपैकी १० टक्के थांबले, घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के. हे वाचून मला जरा बरं वाटलं, ते बाबा मात्र तिथंच उभे होते.

रात्री एकट्या बाईनं थांबलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला तरी पुरे. आणि आधी विचारावं. मी एकदा झाडाखालच्या एका काकांना न विचारताच त्यांच्या स्कूटरला किक मारायला लागलो.

"अबे, बंद नाही पडली," काका म्हणाले, "सावलीत थांबलो म्हणून मीच बंद केली."